विश्लेषण : ‘नवी’ हार्ड डिस्क खरोखर नवी आहे का? एका कमांडने कसे ओळखता येते?

खोका सीलबंद, आतली पिशवी कोरी, लेबलवर नामांकित कंपनीचे नाव. तरीही आतली हार्ड डिस्क आधीच काही वर्षे राबलेली असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत नेमका हाच प्रकार उघडकीस आला. लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब, सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण असे सगळे ज्या वस्तूच्या भरवशावर असते, तिची ओळख लेबलवरून नव्हे, तर थेट तिलाच विचारून पटवता येते. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. संगणकाच्या टर्मिनलवर टाइप केलेली एक ओळ पुरते. ही ओळ नेमके काय करते आणि तिच्या उत्तरावर कितपत विश्वास ठेवावा, याविषयी…

जर्मनीत काय घडले?

‘हाइझ’ या तंत्रज्ञानविषयक जर्मन माध्यमसंस्थेने वाचकांच्या तक्रारींवरून हे प्रकरण पुढे आणले. सर्व्हरसाठी वापरल्या जाणाऱ्या सीगेट कंपनीच्या ‘एक्सॉस’ मालिकेतील डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात त्या दहा हजार तासांपेक्षा कितीतरी जास्त चाललेल्या होत्या. कंपनीने अशा डिस्क आपण विक्रेत्यांना दिल्या नसल्याचे सांगून चौकशी सुरू केली. ‘चिया’ या आभासी चलनासाठी वापरून झालेल्या डिस्क बाजारात परत आल्या असाव्यात, असा संशय व्यक्त झाला. २०२१ मध्ये आलेल्या या चलनाच्या ‘खाणकामा’ला डिस्कवरची मोकळी जागा लागते. त्यामुळे त्या काळात चीनमध्ये मोठ्या डिस्कना प्रचंड मागणी होती. चलनाचा भाव उतरल्यावर त्या डिस्क निरुपयोगी ठरल्या. पुढे २०२५ मध्येच मलेशियात एका ठिकाणी छापा पडला. तेथे जुन्या डिस्क स्वच्छ करून, वापराच्या नोंदी पुसून, नवी लेबले लावून पुन्हा बांधल्या जात असल्याचे समोर आले.

डिस्कला ‘तू कोण?’ असे कसे विचारतात?

एकेकाळी संगणकाला डिस्कची माहिती माणसाने पुरवावी लागे. डिस्कवरच्या चिठ्ठीवरून सिलिंडर, हेड, सेक्टर यांचे आकडे बायोसमध्ये भरायचे. एक आकडा चुकला की डिस्क वाचलीच जात नसे. ‘एटीए’ प्रमाणकातील ‘आयडेंटिफाय’ या आज्ञेने ही कटकट संपवली. संगणक ही आज्ञा पाठवतो आणि डिस्क ५१२ बाइट्सचे उत्तर देते. घरगुती संगणकातील ‘साटा’ डिस्क आजही हीच पद्धत पाळतात.

हे उत्तर म्हणजे ठरावीक रकान्यांचा छापील अर्जच. त्यात प्रत्येकी दोन बाइट्सचे २५६ रकाने असतात आणि त्यांची मोजणी शून्यापासून होते. रकाना १० ते १९ मध्ये सीरियल नंबर, २३ ते २६ मध्ये फर्मवेअरची आवृत्ती आणि २७ ते ४६ मध्ये मॉडेलचे नाव असते. रकाना २१७ मध्ये डिस्क मिनिटाला किती फेरे घेते हे लिहिलेले असते. तेथे ७२०० किंवा ५४०० असा आकडा असेल तर डिस्क फिरणारी आहे. १ असेल तर ती एसएसडी, म्हणजे आत फिरणारे काहीच नाही.

यात एक गंमतही आहे. मजकुराची अक्षरे प्रत्येक रकान्यात उलट्या क्रमाने ठेवलेली असतात. ‘क ख ग घ’ लिहायचे असेल तर डिस्क ‘ख क घ ग’ असे पाठवते. ही अक्षरे सुलटी करून, रकाने उलगडून माणसाला वाचता येईल असा तक्ता दाखवणे, हे कमांड-लाइन प्रोग्रामचे काम.

नव्या ‘एनव्हीएमई’ एसएसडींची आज्ञा वेगळी आणि उत्तर ४०९६ बाइट्सचे असते. पण त्यातही सीरियल नंबर, मॉडेल आणि फर्मवेअर हे तीन रकाने असतातच.

कोणती कमांड वापरायची?

लिनक्सवर दोन प्रोग्राम रुळलेले आहेत. (येथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपी वापरावी.) पहिला ‘एचडीपार्म’. मार्क लॉर्ड यांनी लिहिलेल्या या प्रोग्रामला उणे चिन्ह आणि मोठ्या लिपीतला ‘आय’ जोडला की तो त्याच क्षणी डिस्कला प्रश्न विचारतो. छोट्या लिपीतला ‘आय’ दिला तर संगणक सुरू होताना मिळालेली माहितीच पुन्हा दाखवली जाते. म्हणून खात्री करायची असेल तेव्हा मोठा ‘आय’ वापरावा.

दुसरा प्रोग्राम ‘स्मार्टसीटीएल’. ‘स्मार्टमॉनटूल्स’ या मोफत संचाचा तो भाग असून लिनक्सबरोबरच विंडोज आणि मॅकवरही चालतो. ‘सुडो स्मार्टसीटीएल -आय /डेव्ह/एसडीए’ (छोटा ‘आय’) ही ओळ ओळखपत्र दाखवते; ‘आय’च्या जागी छोटा ‘ए’ दिला की वापराच्या नोंदीही येतात. हा संच २००२ मध्ये सुरू करणारे ब्रूस अ‍ॅलन हे गुरुत्वीय लहरींचे अभ्यासक. या लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहत आहे. प्रचंड विदा शेकडो डिस्कवर साठवणाऱ्या या क्षेत्राला कोणती डिस्क कधी दगा देईल, हा प्रश्न रोजचाच.

केवळ ओळख विचारल्याने डिस्कवरील माहितीला धक्का लागत नाही. मात्र ‘एचडीपार्म’मध्ये डिस्क पुसणारे आणि तिला कुलूप लावणारे पर्यायही आहेत. त्यामुळे कुठूनतरी मिळालेली कमांड न समजता चिकटवू नये.

तक्त्यातील कोणत्या ओळी वाचायच्या?

सर्वप्रथम सीरियल नंबर. पडद्यावरचा नंबर, डिस्कच्या अंगावरील लेबल, खोका आणि बिल या चारही ठिकाणी तो एकच हवा. नंतर हाच नंबर उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तपासावी. नव्या डिस्कची वॉरंटी संपलेली दिसली, किंवा ती डिस्क मुळात संगणक बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीला पुरवल्याचे दिसले, तर विक्रेत्याला जाब विचारावा.

दुसरी ओळ मॉडेलची. त्यातील एखाद्या अक्षरानेही फरक पडतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेबाबत मोठा गदारोळ झाला तो यावरूनच. ४ टेराबाइटच्या डिस्कच्या मॉडेलमध्ये शेवटी ‘ईएफआरएक्स’ असेल तर नेहमीची पद्धत आणि ‘ईएफएएक्स’ असेल तर ‘एसएमआर’. एसएमआरमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण सलग मोठे लेखन करताना डिस्क मंदावते. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या साठवण-पेट्यांसाठी घेतलेल्या ग्राहकांना हे आधी सांगितले गेले नव्हते. टीकेनंतर कंपनीने यादी जाहीर केली आणि नेहमीच्या पद्धतीच्या डिस्कना ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले.

तिसरी ओळ फर्मवेअरची. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने काही एसएसडींबाबत तातडीची सूचना काढली. जुने फर्मवेअर असलेल्या या एसएसडी ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडणार होत्या. आतील माहितीही परत मिळणार नव्हती. एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या डिस्क जवळपास एकाच वेळी बंद पडण्याचा हा धोका होता. आपली डिस्क त्यात मोडते का, हे फर्मवेअरच्या त्या चार-सहा अक्षरांवरूनच कळत होते.

क्षमतेच्या ओळीने मात्र घाबरू नये. कंपन्या १ टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट्स धरतात आणि विंडोज ती १०२४च्या पटीत मोजते. त्यामुळे तेथे ९३१ जीबी दिसतात. ही फसवणूक नव्हे.

वापराचे तास पुसले असतील तर?

‘पॉवर-ऑन अवर्स’ ही नोंद ‘स्मार्ट’ तक्त्यात क्रमांक ९ वर असते. एका वर्षात ८,७६० तास होतात. म्हणजे २६,२८० हा आकडा दिसला तर डिस्क अखंड तीन वर्षे चालली आहे. नव्या डिस्कवर हा आकडा शून्य किंवा अगदी किरकोळ हवा.

जर्मनीतील प्रकरणात हाच आकडा शून्यावर आणलेला होता. मात्र सीगेटच्या डिस्क ‘फार्म’ नावाची दुसरी, अधिक खोलातली नोंदवहीही ठेवतात. ‘स्मार्टसीटीएल’च्या ७.४ आवृत्तीपासून छोटा ‘एल’ आणि ‘फार्म’ हा पर्याय देऊन ती वाचता येते. दोन ठिकाणच्या तासांत मोठी तफावत दिसली की बिंग फुटते. ही सोय फक्त सीगेटच्या डिस्कपुरती आहे.

चुकीची डिस्क काढली तर?

ओळख विचारण्याची गरज केवळ खरेदीच्या वेळी नसते. चार डिस्कच्या साठवण-पेटीतील एक डिस्क बिघडली, तर उरलेल्या तिघींच्या जोरावर माहिती वाचते, पण बिघडलेलीच डिस्क बाहेर काढली तर! लिनक्समधील ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे कायमची नसतात. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती बदलू शकतात. कालची ‘एसडीबी’ आज ‘एसडीसी’ असू शकते. नावावर विसंबून चांगली डिस्क उपटली, तर सगळा साठा हातचा जाऊ शकतो. म्हणून जाणकार आधी बिघडलेल्या डिस्कचा सीरियल नंबर पडद्यावर वाचतात, तो कागदावर उतरवतात आणि लेबलशी पडताळूनच स्क्रू सोडतात. पेटी नवी असतानाच प्रत्येक कप्प्यावर नंबराचे शेवटचे चार अंक चिकटवून ठेवले, तर ऐन वेळची धावपळ टळते.

उत्तरावर कितपत विश्वास ठेवावा?

डिस्क जे सांगते तो तिच्या फर्मवेअरचा दावा असतो. यूएसबी पेटीतील डिस्कला प्रश्न विचारला, तर कधी मधली चिप स्वतःचेच नाव सांगते. तेव्हा ‘स्मार्टसीटीएल’ला छोटा ‘डी’ आणि ‘साट’ हा पर्याय देऊन पलीकडच्या डिस्कपर्यंत पोहोचता येते. प्रत्येक पेटी मात्र ते करू देत नाही. स्वस्तातल्या ‘१६ टेराबाइट’च्या पोर्टेबल एसएसडींमध्ये तर छोटे मेमरी कार्ड निघाल्याची उदाहरणे आहेत. अशी वस्तू संगणकाला बिनदिक्कत खोटी क्षमता सांगते. तिचा खोटेपणा पूर्ण जागा भरून परत वाचल्यावरच उघड होतो. ‘एफथ्री’ किंवा ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हे मोफत प्रोग्राम हेच काम करतात. मोठ्या डिस्कला त्यासाठी एखादा दिवसही लागू शकतो.

खरेदीनंतर काय करावे?

खोका उघडतानाचा व्हिडिओ काढावा. डिस्कमध्ये काहीही भरण्यापूर्वी ओळखपत्र आणि वापराच्या नोंदी काढून तो मजकूर फाइलमध्ये, बिलाच्या फोटोशेजारी जपून ठेवावा. नंबर जुळत नसेल किंवा तास जास्त असतील, तर परताव्याची मुदत संपण्यापूर्वीच विक्रेत्याला लेखी कळवावे. तोडगा न निघाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आणि तपासणीत सगळे चोख निघाले, तरी महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. कारण अस्सल, कोरी डिस्कही एक ना एक दिवस बंद पडतेच.