गाडी नाही, रबर म्हातारं झालंय

डोंबिवली असो, कल्याण असो की ठाणे, जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात एखादी पद्मिनी अजून दिसते. वर कव्हर, कव्हरवर झोपलेलं मांजर. महिन्यातून एखाद्या रविवारी आजोबा ती सुरू करतात आणि अख्खी गाडी मिक्सरसारखी थरथरायला लागते. मग घरात तेच वाक्य : ‘आता काढून टाका हिला!’

तुमच्या घरी हा वाद सुरू असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एकदा बॉनेट उघडा. थरथर इंजिनाची नसून त्याच्या खालच्या दोन-तीन रबरांची असू शकते. पुस्तकात त्यांना इंजिन माउंट म्हणतात, गॅरेजमध्ये ‘फाउंडेशन’. दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये चिकटवलेलं जाड रबर, एवढीच ती वस्तू. इंजिनाचं वजन पेलायचं आणि त्याचे हादरे बॉडीपर्यंत पोचू द्यायचे नाहीत, हे तिचं काम. उष्णतेने रबर कडक होऊन तडकतं, वरून गळणाऱ्या ऑइलने फुगून मऊ पडतं, नाहीतर पट्टीपासून सुटतं.

यूट्यूबवर परदेशातली मंडळी जुन्या एमजी किंवा अल्फा रोमिओखाली आडवी होऊन हेच काम करताना दिसतात. तशा स्पोर्ट्स कार आपल्या पार्किंगमध्ये कुठून येणार? पण आपली फियाटही काही कमी नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर ट्यून केलेल्या फियाट ११०० शर्यतीत पळायच्या. पद्मिनी ही त्याच घराण्यातली : १०८९ सीसीचं इंजिन, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातला जन्म. (तिच्या आधीच्या गोलमटोल मॉडेलला आपण ‘डुक्कर फियाट’ म्हणायचो, तेही प्रेमाने.) डोंबिवलीकरांना प्रीमियर हे नाव नवीन नाहीच. कल्याण-शीळ रोडवरच्या त्यांच्या प्लांटमधून नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बाहेर पडायची.

आता तपासणी. आधी प्लग आणि पॉइंट बघून घ्या. एक सिलिंडर मिस होत असेल तरी गाडी हलते, आणि तिथे फाउंडेशन बदलून काही उपयोग नाही. ते ठीक असेल तर चाकांना ओट लावा, हँडब्रेक ओढा. ड्रायव्हिंग येणाऱ्या माणसाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा. पहिला गिअर टाकून त्याने क्लच अगदी किंचित सोडायचा, मग तसंच रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं, गाडीसमोर अजिबात नाही. इंजिन एका बाजूने ठळक उचललं गेलं, ‘ठक’ आवाज आला, तर समजून जा. स्टीअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेल्या पद्मिनीत आणखी एक खूण असते. इंजिन जागचं हललं की गिअरची लिंकेजही हलते आणि गिअर अडकायला लागतात. आजोबा त्याचं खापर गिअरबॉक्सवर फोडतात. गिअरबॉक्स बिचारा निर्दोष असू शकतो.

सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या दुकानांत शोधा. जुनं फाउंडेशन किंवा निदान त्याचा मोजून काढलेला फोटो सोबत न्या, कारण उंचीत फरक पडला तर इंजिन तिरकं बसतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेला ‘नवा’ माल नखाने दाबून बघा, कडक लागला तर परत द्या. आणि हे काम फार लांबवू नका. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. २० वर्षांची मर्यादा संपल्यावर, २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. हे पार्ट्स बाजारात टिकून होते ते मोठ्या प्रमाणात टॅक्सीवाल्यांच्या जिवावर.

आदल्या संध्याकाळी नटबोल्टवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. सकाळी इंजिन थंड असतानाच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आता सगळ्यात महत्त्वाचं : आपल्या पार्किंगमध्ये बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक असतात आणि पावसाळ्यानंतर ते खालून पोकळ झालेले असतात. त्यांच्यावर जॅक लावलात तर तो तिरका होणार. सपाट काँक्रीट शोधा. गाडी उचलावी लागली तर जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, दोन्ही बाजूंना घोडी लावायची. विटा रचून चालवून घेऊ, असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी काम रद्द.

इंजिनाला आधार द्यायचा तो ऑइल पॅनखाली, पण मध्ये जाड, रुंद लाकडी फळी हवीच. मी पहिल्यांदा फळी विसरलो आणि पॅनला असा पोचा पाडला की तो आजही काकांकडून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला जातो. वजन जेमतेम जॅकवर आलं की एका बाजूचे नट सोडायचे आणि जॅक अगदी थोडा-थोडा वर घ्यायचा. प्रत्येक वेळी थांबून बघा : पंखा रेडिएटरला लागतोय का, पाण्याचा होज ताणला जातोय का, ॲक्सिलरेटरची दांडी अडकतेय का. फटीत बोटं घालायची नाहीत. जुनं काढा, नवं बसवा, नट हातानेच फिरवा, मग दुसरी बाजू. एकच बदलून पैसे वाचवू नका, सगळा भार नव्यावर येतो. इंजिन खाली बसलं की मगच पान्याने घट्ट करा. टॅपेट कव्हरमधून ऑइल गळत असेल तर ते गॅस्केटही लगेच बदला, नाहीतर नवं रबरही तसंच फुगेल.

मागचं, गिअरबॉक्सखालचं फाउंडेशन मात्र घरी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी पूर्ण गाडीखाली जावं लागतं. फियाटवर हात बसलेला जुना मिस्त्री गाठा, चहा पाजा आणि तो काम करत असताना शेजारी उभे राहा.

कागदाचंही बघा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात आणि ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. त्यावर रोज ऑफिसला जाता येत नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला जाता येतं. पन्नाशीच्या जवळ आलेली पद्मिनी आज भंगारात घातली तर हा मार्गच बंद.

काम झालं की रविवारी सकाळी लवकर, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत, काटई नाक्यापर्यंत एक चक्कर मारा. आजोबांना चालवू द्या. दुसरा गिअर न अडकता पडला की ते काही बोलणार नाहीत, नुसतं तुमच्याकडे बघतील. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा, पहिल्या फेरीत ते थोडे सैल होतात.