दात्यांची लेखमाला – लेखांक ७ : जागा देणारे नाना

माहूरगडाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला दान म्हटलं की दगड आठवतो. पायरी, ओवरी, धर्मशाळा, पाणपोई. रेणुकामातेचा किंवा दत्तप्रभूंचा नवस फेडायला आलेला माणूस पुढच्याची वाट थोडी सोपी करून जातो. मुंबईच्या जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटांचं चरित्र वाचताना मला सारखी हीच रीत आठवत राहिली. नानांनी पैसा पुष्कळ दिला, पण त्यांचं खरं देणं जागेचं होतं. ज्याला उभं राहायला कोपरा नव्हता, त्याला त्यांनी आपल्या जमिनीवर आणि आपल्या वाड्यात उभं केलं.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, मुरबाडचा. घराणं दैवज्ञ ब्राह्मण, आडनाव मुर्कुटे. पूर्वज गणबाशेट अठराव्या शतकात मुंबईत येऊन व्यापारात स्थिरावले. फोर्टातल्या ‘गनबो स्ट्रीट’ला त्यांचंच नाव, फक्त इंग्रजी जिभेवर वळलेलं. १८२२ साली वडील वारले आणि ऐन विशीत सगळी पेढी नानांच्या अंगावर आली. त्यांचा व्यवहार इतका चोख की अरब आणि अफगाण व्यापारी आपली संपत्ती बँकेत ठेवण्याऐवजी नानांकडे ठेवत, असं सांगतात. व्यापाराबद्दल एवढं पुरे. कमावलेल्या पैशाचं पुढे काय झालं, ते पाहू.

त्यांची पहिली ओढ शिक्षणाची. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२२ मध्ये, मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तकं यांसाठी एक मंडळी उभी राहिली. तीच पुढे ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ झाली आणि नाना तिचा आधार झाले. १८४० साली सरकारने ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ नेमलं, त्यातही ते होते. इथला एक प्रसंग मला त्यांच्या सगळ्या देणग्यांहून मोठा वाटतो. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश. शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं, थोडे लोक उत्तम शिकले की पुरे, असा त्यांचा कल. १८४७ मध्ये नानांनी त्याविरुद्ध आपलं लेखी मत नोंदवलं. मूठभरांना नव्हे, साऱ्या लोकांना ज्ञान पोचवायचं असेल तर ते त्यांच्याच भाषेतून पोचेल, हा त्याचा गाभा. नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणणारे, साहेबांत ऊठबस असलेले. इंग्रजीचा वैरी म्हणून ते बोलत नव्हते. खेड्यातल्या पोराचा विचार त्या खोलीत कोणी करत असेल, तर तो हा श्रीमंत शेटजी करत होता. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्याने इंग्रजीबरोबर देशी भाषांनाही सरकारी धोरणात स्थान दिलं.

मुलींच्या शाळेची गोष्टही अशीच. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयातल्या तरुणांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली आणि पुढच्याच वर्षी फावल्या वेळात मुलींना शिकवायला सुरुवात केली. त्यांत दादाभाई नौरोजी होते. तरुणांकडे उमेद होती, छप्पर नव्हतं. नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. मुलगी शिकली तर कुटुंबावर अरिष्ट येतं असं मानणाऱ्या काळात, घरंदाज शेटजीने आपल्याच घरी मुलींचा वर्ग भरवावा, याचं वजन रुपयांत मोजता येणार नाही. ज्यांना मुलगी शाळेत धाडायची भीती वाटे, त्यांना आता नानांच्या दाराकडे बोट दाखवता येत होतं.

आणि नाटक! ही त्यांची आवड मला फार जवळची वाटते. कोटातलं जुनं इंग्रजी नाट्यगृह कर्जापायी १८३५ मध्ये विकलं गेलं. त्यानंतर ग्रँट रोडवर नवं उभं राहिलं, ते नानांनी दिलेल्या जमिनीवर. १८४६ मध्ये ते सुरू झालं. बांधलं होतं इंग्रजी खेळांसाठी. पण १८५३ मध्ये सांगलीहून आलेल्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळींनी तिथे खेळ केला आणि मराठी नाटकाला मुंबईत पक्का रंगमंच मिळाला.

त्याच वर्षी, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी धावली. अंतर ३४ किलोमीटर, डबे चौदा. या रेल्वेसाठी १८४५ पासून झटणाऱ्यांत नाना आणि गेल्या लेखांकातले सर जमशेटजी जीजीभॉय हे दोघे पुढे होते. रेल्वे कंपनीच्या कचेरीला सुरुवातीला नानांनी आपल्याच वाड्यात जागा दिली, असं सांगितलं जातं. मला त्यात काही नवल वाटत नाही.

सोनापूरची स्मशानभूमी गिरगावातून हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हाही ते लोकांच्या बाजूने उभे राहिले. माणसाला शेवटची जागा तरी घराजवळ मिळावी, यासाठी ते भांडले.

३१ जुलै १८६५ रोजी नाना गेले. त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. हेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांनी ‘मेघदूत’ही मराठीत आणलं. पैशाचा हिशेब आणि संस्कृतची गोडी एकाच माणसात नांदू शकते, हे नानांच्या घरात आधीच दिसलं होतं.

माहूरला अजून रेल्वे नाही. मुंबईहून येणारा भाविक नंदीग्राम एक्स्प्रेसने किनवटला उतरतो आणि तिथून सुमारे ५० किलोमीटर मोटारीने येतो. त्याची गाडी सुटते ती त्या जुन्या बोरीबंदराहूनच. पुढच्या आठवड्यात आपण माहूरच्या आणखी जवळ येऊ : कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, मँगनीजच्या खाणींतून मिळवलेली त्यांची संपत्ती आणि तिच्यातून १९४२ मध्ये नागपुरात उभी राहिलेली तंत्रशिक्षणाची संस्था.