ज्वालामुखी, वर्षावन आणि दोन समुद्र एकाच ट्रिपमध्ये : कोस्टा रिकात स्वतः गाडी चालवत फिरायचं तर हे माहिती पाहिजे

सकाळी ज्वालामुखीच्या पायथ्याशी गरम पाण्याच्या कुंडात डुबकी, दुपारी ढगात बुडालेल्या जंगलातला झुलता पूल आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्रावर सूर्यास्त. असं रील तुमच्या फीडमध्ये येऊन गेलं असेल, तर ते बहुतेक कोस्टा रिकाचं असणार. खाली कमेंट पण ठरलेली असते, "भाड्याने गाडी घ्या आणि निघा, सगळं जवळजवळच आहे."

नकाशावर बघितलं तर ते खरंही वाटतं. निकाराग्वा आणि पनामाच्या मध्ये असलेल्या या देशाचं क्षेत्रफळ आहे साधारण ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा सहावा हिस्सा. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र आणि मधोमध डोंगररांग. जगाच्या जमिनीपैकी अगदी नगण्य तुकडा, पण जगातल्या जीवप्रजातींपैकी ५ टक्क्यांच्या आसपास इथे सापडतात असं मानलं जातं.

पण "गाडी घ्या आणि निघा" एवढं ते सोपं नाही. एवढ्याशा देशात इतकं सगळं का आहे आणि ते बघायला निघालेल्या माणसाचं नेमकं कुठे चुकतं, ते नीट समजून घेऊ.

एवढ्याशा जागेत इतके ज्वालामुखी कसे?

कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी कोकोस नावाची भूपट्टी कॅरिबियन पट्टीच्या खाली घुसते आहे, वर्षाला साधारण ८ ते ९ सेंटीमीटर या वेगाने. खाली जाताना ती समुद्राचं पाणी स्वतःसोबत नेते. खोलवर गेल्यावर ते पाणी वरच्या तापलेल्या खडकात मिसळतं आणि त्या खडकाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो. पॉट आईस्क्रीम करताना बर्फात मीठ टाकलं की बर्फ कमी तापमानालाच वितळायला लागतो, तसाच हा प्रकार. वितळलेला खडक वर चढतो आणि डोंगराच्या तोंडातून बाहेर पडतो.

अरेनाल, पोआस, इराझू, तुरियाल्बा, रिंकॉन दे ला व्हिएहा ही सगळी मंडळी या एकाच कारणाने तयार झालीत.

यातला सगळ्यात प्रसिद्ध अरेनाल. शेकडो वर्षं शांत असलेल्या या डोंगराला आसपासचे लोक साधा डोंगर समजून शेती करत होते. २९ जुलै १९६८ ला तो फुटला. तबाकोन आणि पुएब्लो नुएवो ही गावं उद्ध्वस्त झाली, ८० च्या आसपास माणसं गेली. त्यानंतर तो चार दशकं धगधगत राहिला आणि रात्री लाल निखारे घरंगळताना बघायला जगभरातून लोक यायला लागले. शेजारचं ला फोर्तुना गाव पर्यटनावर उभं राहिलं ते त्यामुळेच.

इथे रील बघणाऱ्यांची पहिली फसगत होते. अरेनाल २०१० पासून शांत आहे. लाव्हाचे जे व्हिडिओ फिरतात ते जुने आहेत. आज तिथे बघायला मिळतो तो सुळक्यासारखा देखणा डोंगर, जुन्या लाव्हावरून जाणाऱ्या पायवाटा आणि जमिनीतल्या उष्णतेने तापलेल्या पाण्याचे झरे. डोंगराचा माथा ढगात गेला तर तोही दिसत नाही. त्यामुळे ला फोर्तुनात किमान दोन रात्री ठेवायच्या, एखादी सकाळ तरी मोकळी मिळते.

धगधगतं विवर बघायचं असेल तर पोआस. पण तो लहरी आहे. २०१७ मध्ये उद्रेक झाल्यावर उद्यान बंद झालं, पुढच्या वर्षी उघडलं ते हेल्मेट, ऑनलाइन तिकीट आणि विवराजवळ मोजकी मिनिटं या अटींवर. हालचाल वाढली की ते पुन्हा बंद होतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी उद्यान उघडं आहे का ते बघणं हा तिथला पहिला नियम.

३० किलोमीटरसाठी ३ तास

बहुतेक लोकांचा मार्ग असा असतो : राजधानी सॅन होजेजवळच्या विमानतळावरून ला फोर्तुना, तिथून मॉन्टेवेर्दे, मग पॅसिफिक किनाऱ्यावर मॅन्युएल अँटोनियो आणि परत सॅन होजे. आठ ते दहा दिवसांचा फेरा.

यात ला फोर्तुना ते मॉन्टेवेर्दे हे हवाई अंतर ३० किलोमीटरच्या आसपास आहे. पण मध्ये अरेनाल सरोवर आणि डोंगर. रस्ता सरोवराला वळसा घालून जातो, शंभरहून जास्त किलोमीटर होतात आणि तीन ते साडेतीन तास लागतात. हे सरोवरही पूर्णपणे नैसर्गिक नाही. १९७० च्या दशकात जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधून ते वाढवलं आणि जुनं अरेनाल गाव पाण्याखाली गेलं. कोयना ज्यांनी बघितलं आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणून कोस्टा रिकात अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही, तासांत मोजायचं. घाट, एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल, मध्येच खडीचा रस्ता, पुढे ऊस भरलेला ट्रक. अरुंद पुलाआधी 'सेदा एल पासो' अशी पाटी दिसली की समोरच्याला आधी जाऊ द्यायचं.

आणि पत्ता? तो तर खास आहे. अनेक ठिकाणी घराला नंबर नाही आणि रस्त्याला वापरातलं नाव नाही. "चर्चपासून २०० मीटर दक्षिणेला, मग ५० मीटर पूर्वेला" असा पत्ता सांगतात. सॅन होजेच्या एका भागात तर "जुन्या उंबरापासून" असे पत्ते दिले जायचे, आणि ते झाड कधीच पडून गेलेलं. बंद पडलेल्या टॉकीजच्या नावाने पत्ता सांगणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. तरी फोनवर ऑफलाइन नकाशा घेऊनच निघावं. तिथले लोक स्वतः 'वेझ' वापरतात.

ढगांचं जंगल आणि सैन्य नसलेला देश

मॉन्टेवेर्दे हे नेहमीच्या अर्थाने पावसाचं जंगल नाही, ते ढगांचं जंगल आहे. कॅरिबियनकडून येणारं दमट वारं डोंगराला अडतं, वर चढतं, थंड होतं आणि त्याचे ढग थेट झाडांत अडकतात. पाऊस नसला तरी पानांवरून पाणी ठिबकत राहतं, फांद्यांवर शेवाळ आणि ऑर्किड वाढतात. डोंगर उतरून पलीकडे गेलं की हवा एकदम कोरडी. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि खाली वाईच्या पुढे दुष्काळी पट्टा, हे गणित तिथेही तसंच आहे.

हे जंगल वाचण्यामागची गोष्ट मजेशीर आहे. १९४८ मध्ये यादवी युद्ध जिंकलेले होजे फिगेरेस यांनी १ डिसेंबरला सैन्यच बरखास्त केलं. लष्करी बराकीच्या भिंतीवर स्वतः हातोडा मारून त्यांनी ते जाहीर केलं. त्या इमारतीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. इकडे अमेरिकेत अलाबामामध्ये क्वेकर पंथाच्या काही तरुणांना सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून तुरुंगात जावं लागलं होतं. सैन्य नसलेला देश म्हणून ही मंडळी १९५१ मध्ये कोस्टा रिकात आली, मॉन्टेवेर्देत जमीन घेऊन चीज बनवायला लागली, आणि आपल्याला पाणी जिथून मिळतं तो डोंगरमाथा तोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. पुढे १९७२ मध्ये तिथे राखीव जंगल उभं राहिलं.

पण कुंपण घातलं म्हणजे सगळं वाचतं असं नाही. जगात फक्त याच डोंगरावर सापडणारा एक सोनेरी भेक होता. १९८७ मध्ये तो हजाराच्या वर संख्येने दिसला. १९८९ मध्ये शेवटचा एक दिसला आणि त्यानंतर कधीच नाही. बुरशीचा रोग आणि कोरडं पडत गेलेलं हवामान ही त्याची मुख्य कारणं मानली जातात.

गाडी घेताना खिसा कुठे कापला जातो?

वेबसाइटवर गाडीचं भाडं दिवसाला १०-१५ डॉलर दिसतं आणि माणूस खुश होतो. काउंटरवर गेल्यावर आकडा दुप्पट-तिप्पट होतो. कारण इथे समोरच्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे आणि ऑनलाइन दाखवलेल्या भाड्यात तो बऱ्याचदा धरलेला नसतो. क्रेडिट कार्डासोबत मिळणारा विमा त्याची जागा घेत नाही. म्हणून बुकिंग करतानाच "सक्तीच्या विम्यासह एकूण किती" हे लेखी मागायचं. गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं आणि त्यावर मोठी अनामत अडकून राहते, तेवढी मर्यादा कार्डावर हवी.

फोर बाय फोर हवीच का? वर सांगितलेल्या फेऱ्याला कोरड्या ऋतूत उंच एसयूव्ही पुरते. ओसा किंवा निकोयाच्या टोकाकडे जायचं असेल तर फोर बाय फोर लागते, कारण तिथे काही ठिकाणी पूल नसतो आणि गाडी नदीतून न्यावी लागते. इथे मोठा धोका आहे. पाण्यात गाडी बंद पडली तर ते नुकसान सहसा कोणत्याच विम्यात बसत नाही. पाणी गढूळ असेल, वेग दिसत असेल, तर परत फिरायचं.

भारतीय चालकासाठी अजून तीन गोष्टी :

- गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डावीकडे. गोल चौकात आणि पेट्रोल भरून बाहेर पडताना जुनी सवय डोकं वर काढते, त्यामुळे शेजारी बसलेल्याने जागं राहायचं.
- मूळ लायसन्स जवळ हवं. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवानाही सोबत ठेवावा.
- थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. कोस्टा रिकाच्या व्हिसाचे नियम बदलत असतात, ते दूतावासाकडूनच तपासायचे.

आणि रात्री गाडी चालवायची नाही. विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर सहाच्या सुमारास अंधार पडतो. रस्त्याला दिवे नाहीत, खड्डे आहेत, मध्येच गाय उभी असते. दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोचायचं, हा सरळ हिशोब.

समुद्राकडे जाताना

किनाऱ्याच्या वाटेवर तार्कोलेस नदीचा पूल लागतो. खाली वाळूवर मोठमोठ्या मगरी पसरलेल्या असतात आणि सगळे थांबून वाकून बघतात. नेमकं तेव्हाच मागे उभ्या केलेल्या गाडीतून बॅगा जातात. पासपोर्ट, लॅपटॉप गाडीत ठेवायचा नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही. भाड्याच्या गाडीचं टायर पंक्चर झालं आणि लगेच कोणी मदतीला धावून आलं, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत हळूहळू जाऊन मगच थांबायचं.

मॅन्युएल अँटोनियो उद्यानात जंगल थेट किनाऱ्याला भिडतं. माकडं, स्लॉथ, इग्वाना आणि पोहायला शांत खाडी. पण तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि मंगळवारी उद्यान बंद असतं. मोकळ्या किनाऱ्यांवर मात्र समुद्र आत खेचणारे प्रवाह असतात. त्यात अडकलं तर किनाऱ्याकडे जोर लावायचा नाही, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यायचं. नदीच्या मुखाशी पाण्यात उतरायचंच नाही, तिथे मगरी असतात.

ऋतूचं म्हणाल तर डिसेंबर ते एप्रिल कोरडा, गर्दीचा आणि महाग. मे ते नोव्हेंबर पावसाळा, सकाळी ऊन आणि दुपारनंतर सरी. पॅसिफिकच्या बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळ्यात जास्त पाऊस, आणि गंमत म्हणजे तेव्हाच कॅरिबियन किनारा त्यातल्या त्यात कोरडा असतो.

जेवणाची चिंता शाकाहारी माणसानेही करू नये. रस्त्याकडेच्या खानावळीला तिथे 'सोडा' म्हणतात. भात आणि काळ्या घेवड्याचा 'गायो पिंतो' नाश्त्याला सगळीकडे मिळतो.

सेल्फीचं काय?

ओस्तिओनाल किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंच्या संख्येने अंडी घालायला येतात. आपल्या वेळासला येतात तीच ही जात. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथे पर्यटकांची इतकी गर्दी झाली की कासवांना वाटच मिळेना. काहींनी फोटोसाठी लहान मुलांना कासवांच्या पाठीवर बसवलं. बरीच कासवं अंडी न घालता समुद्रात परत गेली.

२०१९ मध्ये तिथल्या सरकारने वन्यप्राण्यांसोबत सेल्फी थांबवा अशी मोहीमच सुरू केली. स्लॉथ हसल्यासारखा दिसतो, पण ती त्याच्या तोंडाची ठेवण आहे. त्याला हातात धरलं की त्याच्यावर ताण येतो. कोणी पैसे घेऊन स्लॉथ हातात देत असेल तर तिथून निघून जायचं.

आणि शेवटी पेट्रोलचा हिशोब

आज दिसणारं हिरवं कोस्टा रिका नेहमीच असं नव्हतं. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडून १९८० च्या दशकापर्यंत देशातलं वनक्षेत्र पाव हिश्श्याच्या आसपास आलं होतं. १९९६ मध्ये कायदा करून नैसर्गिक जंगल तोडून जमिनीचा वापर बदलायला बंदी घातली. पण नुसत्या बंदीने शेतकऱ्याचं पोट भरत नाही. म्हणून जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे द्यायचे ठरलं. पाणी धरून ठेवणं, कार्बन शोषणं, प्राण्यांना घर देणं हे काम जंगल करतं, तर त्याची मजुरी मिळाली पाहिजे असा साधा विचार.

हे पैसे आणायचे कुठून? मोठा वाटा इंधनावरच्या करातून. आज देशाचा निम्म्याहून जास्त भाग पुन्हा झाडांखाली आहे.

म्हणजे घाटात धूर सोडत जाणाऱ्या भाड्याच्या गाडीत पडणाऱ्या प्रत्येक लिटरमागे थोडी रक्कम त्या घाटातलं जंगल राखणाऱ्याकडे जाते. यामुळे धूर माफ होत नाही. पण जे झाड बघायला आपण इतक्या लांब आलो, ते उभं ठेवायला कोणालातरी पैसे मिळतात आणि त्यातला थोडा वाटा आपण पंपावर दिलेला असतो, एवढं रीलच्या बाहेरचं सत्य माहिती असावं.