दुखण्यावर हात: क्लिनिकल मसाजकडून काय अपेक्षा ठेवावी

दुखणे कुठले, कशामुळे आणि किती दिवसांचे हे आधी तपासून, मग स्नायू, कंडरा आणि सांध्याभोवतीच्या मऊ भागांवर हाताने जो उपचार केला जातो, त्याला क्लिनिकल मसाज म्हणतात. अंग हलके वाटणे हा त्याचा मुख्य हेतू नसतो. तसे वाटले तर चांगलेच. हेतू नेमका ठरलेला असतो. मान डावीकडे वळत नाही ती वळावी, हात डोक्यापर्यंत जात नाही तो जावा, कंबर धरल्यामुळे ज्याला अर्धा तास बसवत नाही त्याला दोन तास बसता यावे. ते साधले की नाही हे पुढच्या भेटीत पाहिले जाते. हे पाहिलेच जात नसेल, तर पाटीवर काहीही लिहिलेले असो, ती साधी मालीश आहे.

कोलकात्याच्या एस्प्लनेड भागात हा फरक पायी हिंडताना लक्षात येतो. जुने लोक या भागाला धर्मतला म्हणतात. भारतातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी धावली, आणि मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या पात्राखालून हावड्याकडे जाणारी मेट्रो सुरू झाली तीही एस्प्लनेडहूनच. न्यू मार्केटचे दुकानदार, चौरंगीच्या फुटपाथवरचे फेरीवाले, ओझी वाहणारे हमाल, बसचे चालक आणि आसपासच्या कचेऱ्यांतले कारकून अशा सगळ्यांची इथे दिवसभर वर्दळ असते. यांची दुखणी बहुधा कामाने ठरवलेली असतात: हमालाचा खांदा, चालकाची कंबर, दिवसभर उभ्या असलेल्याच्या पोटऱ्या, आणि संगणकापुढे किंवा हिशेबाच्या वहीवर वाकलेल्याची मान. त्यांना सर्वांत जवळचा इलाज म्हणजे मैदानावरचा किंवा बाबूघाटावरचा मालीशवाला. बाबूघाट हा राणी रासमणींनी पतीच्या स्मरणार्थ १८३० मध्ये बांधवलेला घाट. तिथली तेलमालीश कोलकात्याच्या ओळखीचा भागच बनली आहे. १९५७ च्या ‘प्यासा’ चित्रपटातला जॉनी वॉकरचा मालीशवाला याच शहरातला. अशा मालीशवाल्याच्या हातात कसब असते, पण तो तपासत नाही. दुखणे कमरेच्या स्नायूचे की मूत्रपिंडातल्या खड्याचे, हे त्याने सांगावे अशी अपेक्षाही नसते.

मर्दनाची भारतीय परंपरा जुनी आहे. आयुर्वेदात अभ्यंग दिनचर्येत येतो, आणि अपचन झालेल्याने किंवा कफ वाढलेल्याने तो टाळावा असे प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटाने बजावलेही आहे. म्हणजे मालीश कोणी करून घेऊ नये हा विचार तेव्हापासूनचा. महाराष्ट्रात ती तालमीतल्या मल्लांकडे, बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईकडे आणि गावच्या हाडवैद्याकडे टिकली. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत वाढलेले शेख दीन मुहम्मद यांनी हीच विद्या इंग्लंडला नेली. ब्रायटनच्या समुद्रकिनारी त्यांनी औषधी वाफेचे स्नान आणि मर्दन यांचे केंद्र काढले आणि १८२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम या दोन्ही राजांनी आपले मर्दनकार म्हणून त्यांची नेमणूक केली होती. संधिवाताने अडलेले लोक त्यांच्याकडे कुबड्या ठेवून जात, असे ते अभिमानाने मिरवत. जाहिरातीची ही तऱ्हा आजच्या मसाज केंद्रांनीही सोडलेली नाही.

या विद्येला शिस्त आली ती मात्र युरोपात. स्वीडनचे पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली. पुढे डच डॉक्टर योहान मेत्सगर यांनी हातांच्या क्रियांची पद्धतशीर विभागणी केली. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालीशकर्त्यांची संघटना स्थापली. मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून आपला व्यवसाय वेगळा राखणे हा तिचा एक उद्देश होता. ब्रिटनमधली आजची फिजिओथेरपीची मुख्य संस्था हीच. भारतात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातले पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले. त्यामुळे आपल्याकडे क्लिनिकल मसाज हा वेगळा धंदा नसून बहुतेक ठिकाणी फिजिओथेरपीचाच एक भाग आहे, आणि तेच सोयीचे आहे.

पहिल्या भेटीत बराच वेळ बोलण्यात आणि तपासणीत जातो. पैसे मसाजचे दिले आणि माणूस नुसते प्रश्नच विचारतो, असे वाटून अनेकजण नाराज होतात. पण या भेटीतले सर्वांत मोलाचे काम तेच असते. दुखणे कधी सुरू झाले, रात्री झोपेतून उठवते का, हातापायात मुंग्या येतात का, कुठले औषध चालू आहे, ताप किंवा वजन घटणे आहे का, हे विचारले जाते. मग उभे करून, वाकवून, हात उचलायला लावून सांधा किती अंशांपर्यंत जातो ते पाहतात आणि स्नायूंची ताकद तपासतात. वेदनेला शून्य ते दहामध्ये आकडा द्यायला सांगतात. हा आकडा रुग्णाने प्रामाणिकपणे द्यावा. डॉक्टरला वाईट वाटेल म्हणून दुसऱ्या भेटीत तो उगाच कमी करून सांगण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

उपचाराच्या वेळी ज्या भागावर काम करायचे तेवढाच उघडा करतात, बाकी अंग चादरीने झाकलेले असते. काय करणार हे आधी सांगून संमती घेतली जाते. स्त्री रुग्णाने स्त्री थेरपिस्ट मागावी किंवा घरचे कोणी सोबत बसवावे. यात संकोचाचे काही नाही आणि चांगले केंद्र त्याला नाही म्हणत नाही. सुरुवात लांब, हलक्या हाताने होते. मग स्नायू कणीक तिंबल्यासारखा मळला जातो, कंडरेवर आडवे घर्षण दिले जाते, आखडलेल्या बिंदूवर काही सेकंद स्थिर दाब धरला जातो. आडव्या घर्षणाची पद्धत ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरिअ‍ॅक्स यांनी रुजवली. दुखऱ्या बिंदूंचा नकाशा अमेरिकेच्या जॅनेट ट्रॅव्हेल यांनी मांडला, ज्या पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर झाल्या. खांद्याच्या पात्याजवळचा बिंदू दाबला की कळ डोक्यात किंवा हातात का जाते, हे त्या नकाशावरून समजते. हे बिंदू नेमके कशाचे बनलेले असतात यावर संशोधकांत आजही वाद आहे.

दाब सोसवेल इतकाच असावा. ‘जितके दुखेल तितका गुण’ ही समजूत तालमीतून आली असेल, पण दवाखान्यात ती चुकीची ठरते. श्वास रोखावा लागला, दात आवळले गेले किंवा अंग आपोआप ताठ झाले, तर दाब जास्त झाला असे समजून तिथल्या तिथे सांगावे.

मसाजने वेदना कमी होते ती कशी? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेला सिद्धांत असा, की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी एक प्रकारचे दार असते आणि स्पर्श-दाबाचे संदेश ते दार काही काळ लोटून घेतात. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो, त्याचे कारण हेच. शिवाय स्पर्शाने आणि निवांत पडून राहण्याने मज्जासंस्थेचा ताण उतरतो, आणि सैल झालेला स्नायू हलवायला भीती वाटत नाही. ‘साचलेले लॅक्टिक आम्ल निघून जाते’ हे पालुपद मात्र सोडून द्यावे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये जोरदार व्यायामानंतर तरुणांच्या मांडीचा मसाज करून स्नायूंचे नमुने तपासले. दाहाचे संकेत कमी झालेले दिसले, लॅक्टेटमध्ये फरक पडला नाही. ‘नस चढली’, ‘मणका सरकला तो बसवला’, ‘गाठ फोडली’ ही मालीशवाल्यांची भाषा आहे. हाताने मणका जागेवर बसत नाही आणि गाठ म्हणून जी लागते ती बहुधा आखडलेल्या स्नायूची पट्टी असते.

गुण किती येतो, याचे उत्तर जाहिरातींपेक्षा बरेच संयत आहे. कंबरदुखीवरच्या २५ चाचण्या आणि ३,०९६ रुग्णांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये घेतला. काहीच उपचार न करण्याच्या तुलनेत मसाजने थोड्या काळापुरता आराम पडतो, पण तो दीर्घकाळ टिकल्याचे दिसत नाही आणि पुरावाही कच्चा आहे, असे त्यातून निघाले. गुडघ्याच्या झिजेवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत आठवड्याला एक तास असा आठ आठवडे मसाज दिल्यावर वेदना आणि ताठरपणा स्पष्ट कमी झाला. वर्षअखेर मात्र मसाज न घेतलेल्यांपेक्षा फारसा फरक उरला नाही. मानदुखीत वेळेचे गणित महत्त्वाचे ठरते. २०१४ मधल्या एका चाचणीत अर्ध्या तासाच्या बैठका जवळजवळ निरुपयोगी ठरल्या, तर तासाभराच्या, आठवड्यातून दोन-तीनदा, चार आठवडे दिलेल्या बैठकांनी चांगला गुण आला. म्हणजे दहा मिनिटांच्या चंपीने जुनी मानदुखी जाईल ही आशा धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या सूचनांत मसाजला जागा आहे, पण व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांच्या जोडीने. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की हाताने करायचे उपचार द्यायचे तर व्यायामासह द्यावेत.

या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. मसाज वेदनेची धार बोथट करतो आणि काही तास, काही दिवस हालचालीची संधी देतो. त्या संधीत शिकवलेले व्यायाम केले तर फायदा टिकतो. केले नाहीत तर पुढच्या आठवड्यात तेच दुखणे, तीच खाट आणि तेच बिल. म्हणून भेटीच्या शेवटी घरी करायचे दोन-तीन व्यायाम सांगितले जात नसतील, तर उपचार अर्धवट आहे. चालकाने आसनामागे उशी ठेवावी, हमालाने ओझे शरीराजवळ धरावे असा कामाशी जुळणारा सल्लाही मिळायला हवा.

मसाजनंतर एक-दोन दिवस अंग थोडे ठणकणे सामान्य आहे. काळेनिळे पडणे, दुखणे दुप्पट होणे किंवा नवी बधिरता येणे सामान्य नाही.

धोक्याची बाजू आपल्याकडे फार हलकी घेतली जाते. पोटरी एका बाजूला सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, विशेषतः प्लास्टर, शस्त्रक्रिया किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर तिला हात लावू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दिल्लीत घोट्याच्या दुखापतीनंतर प्लास्टर काढलेल्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाचा पाय आईने तेलाने चोळला आणि सुटलेली गुठळी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन त्याचा मृत्यू झाला. एम्सच्या न्यायवैद्यक डॉक्टरांनी हे प्रकरण नोंदवले आहे. ताप, त्वचेचा संसर्ग, ताजे फ्रॅक्चर, हाडे ठिसूळ असणे, रक्त पातळ करणारी औषधे, कर्करोग आणि गरोदरपण यांत डॉक्टरला विचारल्याशिवाय मसाज नको. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणे, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा येणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे असे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि केस कापून झाल्यावर मान ‘कट्’ करून मोडून घेण्याची फुटपाथवरची पद्धत पूर्णपणे बंद करावी. मानेच्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होण्याचा धोका त्यात खरोखर असतो, मिळणारा आराम काही मिनिटांचा असतो.

थेरपिस्ट निवडताना फिजिओथेरपीची पदवी आणि नोंदणी विचारावी. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद झाली, आणि देशपातळीवर २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात फिजिओथेरपीचा समावेश आहे. कोलकात्यात एस्प्लनेडहून मेट्रोने तिसरे स्थानक रवींद्र सदन. तिथून जवळच एसएसकेएम हे सरकारी रुग्णालय आहे आणि त्याचा फिजिकल मेडिसिन विभाग आहे. मुंबईकरांसाठी केईएम आणि हाजी अलीची १९५५ पासूनची केंद्रीय पुनर्वसन संस्था आहे. अशा ठिकाणी गर्दीमुळे तासभराच्या मसाजची अपेक्षा धरू नये. तपासणी आणि व्यायामाचे शिक्षण मात्र खात्रीचे मिळते.

पाच-सहा भेटींनंतरही वेदनेचा आकडा खाली आला नाही आणि हालचालही वाढली नाही, तर पुढच्या दहा भेटींचे पॅकेज घेऊ नये. डॉक्टरकडे जाऊन निदान पुन्हा तपासून घ्यावे.