मुक्या हॉर्नचा माग

ताम्हिणी किंवा वरंधा घाटातल्या आंधळ्या वळणांवर समोरचं वाहन दिसण्याआधी ऐकू यावं लागतं. धुकं उतरलेलं, पाऊस झोडपत असलेला, आणि नेमक्या अशा वेळी दुचाकीस्वाराने अंगठा दाबला तरी हॉर्न गप्पच. हॉर्न दगा देतो तो बहुधा याच दिवसांत. पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की ‘हॉर्न वाजत नाही’ म्हणत गाड्या गॅरेजच्या दारात येऊ लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर एकच इलाज होतो. जुना काढायचा, नवा बसवायचा.

नवा वाजतोही. पण अनेकदा महिनाभरात तोही घोगरा होतो, कारण दोष हॉर्नमध्ये नव्हताच. नवा बसवताना वायरींची टोकं उपसून पुन्हा खोचली गेली, त्यात थोडा गंज खरवडला गेला आणि तेवढ्यापुरतं काम भागलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! बॅटरी, फ्यूज, किल्लीचा स्विच, डाव्या मुठीजवळचं बटण, हँडलच्या मानेतून जाणाऱ्या वायरी आणि चौकटीला दिलेलं अर्थिंग एवढं सगळं धड असेल तरच हॉर्न वाजतो. म्हणून नवा हॉर्न घेण्याआधी जुना खरोखर गेला आहे का, हे पाहायलाच हवं. त्याला फार हत्यारं लागत नाहीत.

पत्र्याच्या त्या गोल डबीत काय चालतं ते एकदा कळलं की पुढचं सोपं होतं. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज गेली की त्याचा लोहचुंबक होतो आणि तो पोलादी पडद्याला जोडलेला लोखंडी तुकडा आपल्याकडे ओढतो. हा तुकडा आत येताना एका पट्टीला ढकलतो आणि पट्टीवरचे पॉइंट उघडतात. वीज तुटते, चुंबकत्व जातं, पडदा स्वतःच्या ताणाने मागे उसळतो. पॉइंट पुन्हा मिटतात आणि सगळं नव्याने सुरू होतं. दुचाकीच्या साध्या हॉर्नमध्ये हे सेकंदाला साधारण ४०० वेळा घडतं. म्हणजे पाच सेकंद बटण दाबून धरलं तर पॉइंट २,००० वेळा उघडतात, मिटतात आणि उघडताना बारीकशी ठिणगी सोसतात. एवढा मार खाऊनही ही डबी वर्षानुवर्षं टिकते, याचं कौतुकच करायला हवं.

त्यामुळे बटण दाबल्यावर नेमकं काय ऐकू येतं, हीच पहिली तपासणी. इंजिन बंद ठेवून, किल्ली ऑन करून, शांत जागी बटण दाबावं. नुसता ‘टक्’ असा एक आवाज आला तर वीज पोचते आहे आणि पडदा ओढलाही जातो आहे, पण पॉइंट उघडत नाहीत किंवा पडदा गंजून अडकला आहे. तेव्हा दोष बहुधा हॉर्नमध्येच. आवाज किरटा किंवा घोगरा असेल तर वीज अपुरी पोचते आहे किंवा हॉर्नचं ॲडजस्टमेंट बिघडलं आहे. कधी वाजतो, कधी नाही, असं असेल तर सैल जोड शोधावा. अगदी चिडीचूप असेल तर मात्र साखळी पहिल्यापासून तपासावी लागते.

सुरुवात बॅटरीपासून, आणि इथेच अनेकांची फसगत होते. ‘हेडलाइट लागतोय, गाडी एका किकमध्ये चालू होतेय, मग बॅटरी चांगलीच असणार,’ असं गृहीत धरलं जातं. जुन्या १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ठिणगी आणि हेडलाइट या दोन्हींची वीज थेट मॅग्नेटोकडून येते. बॅटरी पार उतरली तरी त्यांचं काही अडत नाही. अडतं ते इंडिकेटर, ब्रेकचा दिवा आणि हॉर्नचं. म्हणून इंजिन बंद असताना इंडिकेटर लावून बघावा. तो मंद पेटला, रेंगाळला किंवा लुकलुकलाच नाही, तर संशय बॅटरीवर. मीटर असेल तर शंका उरत नाही. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. काटा १२ च्या खाली असेल तर ती जवळपास रिकामी आहे. इंजिन जरा रेस केल्यावर आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. तो गेला नाही तर बॅटरी बदलूनही उपयोग नाही, चार्जिंगच होत नाही. सेल्फ-स्टार्टच्या गाड्यांत हा घोळ कमी होतो, कारण तिथे आधी सेल्फच बोंब मारतो.

फ्यूजचं काम दोन मिनिटांचं. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा पुष्कळ गाड्यांत एकाच फ्यूजवर असतात, तेव्हा तिन्ही एकदम गेले तर तोच उडालेला असणार. चपट्या फ्यूजचा लाल रंग १० अँपिअरचा, निळा १५ चा. उडालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. काही जण तिथे तांब्याची तार गुंडाळतात किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालतात. हे कधीही करू नये. पुन्हा शॉर्ट झाला की फ्यूजऐवजी अख्खं वायरिंग जळतं, आणि ते पेट्रोलच्या टाकीखालून गेलेलं असतं.

यानंतर ‘डायरेक्ट’ देऊन बघायचं. हॉर्नच्या दोन्ही वायरी काढायच्या आणि वेगळ्या दोन वायरींनी बॅटरीची वीज सरळ त्याच्या दोन पिनांना क्षणभर लावायची. एका वायरीत फ्यूज असला तर उत्तम, कारण टोकं एकमेकांना चिकटली तर चटका बसायला वेळ लागत नाही. हॉर्न खणखणीत वाजला तर तो निर्दोष. मग खर्च वाचला आणि शोध वायरिंगमध्ये. नाहीच वाजला तर शोध हॉर्नमध्ये. अख्ख्या तपासातली ही सगळ्यात मोलाची पायरी आहे, आणि गॅरेजमध्ये घाई असली की नेमकी हीच गाळली जाते.

वायरिंगमध्ये सर्वाधिक वेळा सापडणारा दोषी म्हणजे बटण. स्विचच्या डबीचे खालचे दोन स्क्रू काढले की दोन भाग अलग होतात. हे काम खाली फडकं पसरूनच करावं, कारण बटणामागची इवलीशी स्प्रिंग टुणकन उडते आणि मातीत गेली की सापडत नाही. आत पितळेची पट्टी दिसते. चांगल्या स्विचमध्ये ती पिवळी चमकते. पावसाचं पाणी मुरलेल्या स्विचमध्ये तिच्यावर हिरवट-पांढरा थर चढलेला असतो, आणि जिथे बटण टेकतं तिथे ठिणग्यांनी काळा कार्बन धरलेला असतो. बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, कोरडं करून डबी बंद केली की कित्येक मुके हॉर्न तिथल्या तिथे बोलू लागतात.

बटण ठीक असेल तर हँडलकडे वळावं. बटण दाबून ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायचं. एका बाजूला वाजतो आणि दुसऱ्या बाजूला थांबतो, असं झालं तर मानेपाशी वायर आतून तुटली आहे. बाहेरचं प्लास्टिक शाबूत दिसतं, आतले तांब्याचे तंतू मात्र रोजच्या वळण्याने एकेक करून गेलेले असतात. वायर दोन बोटांत धरून हलकी ओढली की तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते.

मीटर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हॉर्न न जोडता वायरीच्या टोकावर मोजलं तर गंजलेल्या जोडातूनही पुरते १२ व्होल्ट दिसतात, कारण त्या वेळी प्रवाहच वाहत नसतो. हॉर्नला दोन-तीन अँपिअर लागतात. अडीच अँपिअर वाहत असताना वाटेतल्या एखाद्या जोडात एक ओहमचा रोध असेल, तर अडीच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि हॉर्नला उरलेल्यावर भागवावं लागतं. म्हणून मोजायचं ते हॉर्न जोडलेला ठेवून आणि बटण दाबून. त्यापेक्षा साधा उपाय जुन्या मिस्त्रींचा. इंडिकेटरच्या १० वॅटच्या बल्बला दोन वायरी डकवायच्या आणि तो हॉर्नच्या जागी लावायचा. बटण दाबल्यावर बल्ब लख्ख पेटला तर रस्ता मोकळा, पिवळट पेटला तर कुठेतरी अडथळा. अर्थिंगचा जोड रंगावर किंवा गंजावर बसलेला असेल तर हाच पिवळेपणा दिसतो. काही गाड्यांत बटण हॉर्नच्या आधी असतं, काहींत हॉर्ननंतर अर्थच्या बाजूला. दुसऱ्या प्रकारात किल्ली ऑन केली की हॉर्नच्या एका पिनेवर बटण न दाबताही वीज असते. ते पाहून गोंधळून जायचं कारण नाही.

डायरेक्ट देऊनही हॉर्न घोगराच वाजत असेल तर त्याच्या पाठीवरचा छोटा ॲडजस्टिंग स्क्रू कामी येतो. बहुधा त्यावर रंगाचा किंवा लाखेचा ठिपका असतो. हा स्क्रू पॉइंट कधी उघडायचे ते ठरवतो. पाव फेरा फिरवायचा, क्षणभर वाजवायचा, ऐकायचं. सुधारला नाही तर उलट दिशेने तेवढंच. आवाज मोकळा झाला की थांबायचं आणि स्क्रूवर रंगाचा थेंब सोडायचा, म्हणजे हादऱ्यांनी तो हलणार नाही आणि पाणीही शिरणार नाही. मधल्या मोठ्या नटाला मात्र हात लावू नये. तो हलला तर पडदा आणि चुंबक यांच्यामधलं अंतरच बिघडतं.

हॉर्न ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती लवचिक असते, हे मुद्दाम केलेलं असतं. पट्टी वाकून हॉर्न चौकटीला किंवा लेगगार्डला टेकला की थरथर दबते आणि आवाज बसतो.

एवढं सगळं टाळण्यासाठी काही जण थेट मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवतात. तो जास्त प्रवाह ओढतो, आणि तो सगळा प्रवाह त्या नाजूक बटणातून गेला की तिथले कॉन्टॅक्ट जळतात. असा हॉर्न लावायचाच तर रिले हवा. बटणाने फक्त रिलेला इशारा द्यायचा आणि हॉर्नची वीज बॅटरीकडून फ्यूजमार्गे वेगळ्या वायरीने यायची. सुरांची माळ वाजवणारे हॉर्न मात्र कायद्यातच बसत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११९ व्या नियमाने त्यांना मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १९४-एफ कलमानुसार विनाकारण हॉर्न वाजवणं किंवा शांतता क्षेत्रात तो वाजवणं यासाठी पहिल्यांदा १,००० रुपये आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. हा दंड रास्तच आहे. शहरातल्या सिग्नलवर मागून उगाच वाजणाऱ्या हॉर्नने कुणालाच पुढे जाता येत नाही. पण घाटातलं वळण, गल्लीतून अचानक धावत येणारं मूल, मागे न पाहता दार उघडणारी मोटार, अशा वेळी तो एकदाच आणि नेमका वाजायला हवा, आणि त्यासाठीच तो दुरुस्त हवा.

जुना हॉर्न खरंच गेला असेल तर नवा घेताना त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर जुन्याशी ताडून पाहावेत. बऱ्याच मोटारसायकलींत हॉर्न पुढच्या चाकामागे असतो, म्हणजे चाकाने उडवलेला चिखल थेट त्याच्यावर. तेव्हा तोंड किंचित खालच्या बाजूला ठेवून बसवावा, पाणी आत साचत नाही. वायरींची टोकं घट्ट बसत नसतील तर ती पक्कडीने जराशी दाबून घ्यावीत. शेवटी इंजिन बंद ठेवून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बटण दाबून पाहावं, आणि दोन्हीकडे आवाज सारखा आला तरच मिस्त्रीचे पैसे द्यावेत.