भाडेकरूनें केलेली नासधूस आणि घरमालकाचा हक्क



उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही शहरांत असे अनेक सद्गृहस्थ आहेत कीं, ज्यांनीं काटकसर करून एखादें जास्तीचें घर घेतलें व म्हातारपणीं ते त्याच्या भाड्यावर विसंबून आहेत. भाडेकरू निघून गेल्यावर मोडके नळ व फुटलेली फरशी पाहून, हा खर्च आतां कोणाकडून वसूल करावा, असा प्रश्न त्यांना पडतो. त्याचाच आज विचार करूं.

प्रथम माझीच एक चूक सांगतों. २०१९ च्या जुलै महिन्यांत उल्हास नदीला पूर आला, तेव्हां बदलापुरांतील माझ्या तळमजल्यावरील घरांत पाणी शिरलें. पुढें दोन महिन्यांनीं भाडेकरूनें घर सोडलें. फुगलेलीं दारें, पडलेला गिलावा व फुटलेलें बेसिन, या सर्वांचा खर्च मीं त्याच्या अनामत रकमेंतून कापून घेतला. तो शांतपणें म्हणाला, "गुरुजी, बेसिन माझ्या हातून फुटलें, त्याचे पैसे घ्या, पण नदीचा गाळ कांहीं मीं घरांत आणला नाहीं." मी निरुत्तर झालों व बेसिनापुरते पैसे ठेवून बाकीची रक्कम परत केली.

त्याचें म्हणणें न्यायाचेंच होतें. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, याचें कलम १०८ असें सांगतें कीं, भाडेपट्टा संपल्यावर घर ज्या स्थितींत मिळालें त्याच स्थितींत परत करावें. मात्र नेहमींच्या वापरानें होणारी झीज व अनिवार आपत्ति यांतून वगळली आहे. रंग विटला ही झीज. भिंत फोडली ही नासधूस. हल्लीं बहुधा अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार होतो. तो भाडेपट्टा नव्हे. म्हणून ही अट त्यांत स्पष्ट लिहून घ्यावी. असा करार लेखी व नोंदलेला असणें ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५ प्रमाणें घरमालकाचीच जबाबदारी आहे. ती टाळल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयीं भाडेकरूचेंच म्हणणें ग्राह्य धरलें जातें. शिवाय मालकास शिक्षाहि होऊं शकते.

आतां वसुलीचे मार्ग. पहिला, अनामत रक्कम. किल्ली परत घेतेवेळीं दोघांनीं मिळून घर पाहावें, नुकसानीची यादी करून तीवर सह्या कराव्या व पावत्या दाखवून तेवढीच रक्कम कापावी. ती अपुरी पडल्यास हिशेबासह पोचपावतीच्या टपालानें नोटीस पाठवावी. तरीहि दाद न लागल्यास विधि सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतींत तडजोड करतां येते; तेथील निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचें बळ असतें व त्यावर अपील नाहीं. शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा. त्याची मुदत साधारणपणें तीन वर्षांची आहे.

न्यायालय प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीचीच भरपाई देतें. दहा वर्षांचें दार मोडलें म्हणून नव्या दाराची पूर्ण किंमत मिळेलच असें नाहीं. करारांत दंडाचा आंकडा लिहिला असला, तरी भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम ७४ प्रमाणें त्या आंकड्याच्या आंत वाजवी वाटेल तेवढीच रक्कम मिळते. मोबाइलवरील छायाचित्रें पुराव्यांत द्यावयाचीं तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३, कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावें लागतें. हेतुपुरस्सर मोडतोड केली असेल तर पोलिसांत तक्रार करतां येते. परंतु निव्वळ पैशांच्या वादांत पोलिसांचा उपयोग होत नाहीं.

नासधूस सिद्ध करण्याचा भार घरमालकावर असतो. आधींची स्थिति ठाऊक नसेल, तर बिघडलें काय हें कोण सांगणार? म्हणून किल्ली हातीं देण्यापूर्वींच दारें, खिडक्या, नळ, फरशी यांची स्थिति लिहून दोघांनीं सह्या कराव्या. तो कागद मजपाशीं असता, तर नदीचा दोष मीं एका सालस माणसाच्या माथीं मारला नसता.