समुद्रावरचे विमान कोणाच्या हवाली?

मस्कतहून मुंबईकडे निघालेले विमान थोड्याच वेळात ओमानचा किनारा मागे टाकून अरबी समुद्रावर येते. खालचा समुद्र बहुतांशी कोणत्याही एका देशाच्या मालकीचा नसतो. तरीही विमानाने किती उंचीवर उडावे आणि पुढच्या विमानापासून किती अंतर राखावे, हे ठरवणारा नियंत्रक जमिनीवर बसलेला असतो. प्रवासाच्या पहिल्या टप्प्यात तो मस्कतचा असतो, नंतर मुंबईचा. एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे विमान सोपवले जाण्याचा क्षण प्रवाशांच्या लक्षातही येत नाही. हवाई वाहतूक व्यवस्थापनाच्या आधुनिकीकरणाची कसोटी मात्र नेमकी तेथेच लागते.

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरील आकाशाचे सार्वभौमत्व आहे. खुल्या समुद्रावरील आकाशाची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजेच आयकाओच्या, प्रादेशिक करारांद्वारे वाटून दिलेली आहे. मुंबईचे उड्डाण माहिती क्षेत्र त्यामुळे पश्चिम किनाऱ्यापासून अरबी समुद्रात फार दूरवर पसरलेले आहे. कराची, मस्कत, साना, मोगादिशू, सेशेल्स आणि माले ही त्याची शेजारी क्षेत्रे. एवढ्या भिन्न आर्थिक आणि राजकीय स्थितीतील शेजाऱ्यांशी या केंद्राला अहोरात्र समन्वय राखावा लागतो.

रडारच्या पलीकडे

रडारची नजर सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून मोठ्या उंचीवरील विमानही किनाऱ्यापासून साधारण २०० ते २५० सागरी मैलांपलीकडे रडारला दिसेनासे होते. नेहमीच्या व्हीएचएफ रेडिओलाही तीच मर्यादा आहे. त्यापुढे अनेक वर्षे खरखरणाऱ्या एचएफ रेडिओवरून वैमानिकाने आपले स्थान कळवायचे आणि नियंत्रकाने ते टिपून घ्यायचे, अशी पद्धत होती. रडारच्या कक्षेत दोन विमानांमध्ये ५ सागरी मैलांचे अंतर पुरेसे ठरू शकते. समुद्रावर मात्र १० मिनिटांचे, म्हणजे सुमारे ८० सागरी मैलांचे अंतर ठेवावे लागे. परिणामी किफायतशीर उंचीवर मोजक्याच विमानांना जागा मिळे. उरलेली खालून उडत आणि अधिक इंधन जाळत.

नियंत्रक व वैमानिक यांच्यातील लिखित संदेशांची सीपीडीएलसी ही प्रणाली आणि विमानाचे स्थान उपग्रहामार्गे आपोआप कळवणारी एडीएस-सी यांमुळे हे अंतर ५० आणि सुसज्ज विमानांसाठी ३० सागरी मैलांपर्यंत आणणे शक्य झाले. पण शेजारच्या केंद्राकडे ही साधने नसतील, तर सीमेजवळ येताच विमानांमधील अंतर पुन्हा वाढवावे लागते. एका देशाने केलेल्या गुंतवणुकीचा लाभ त्याच्या सीमेवरच थांबतो.

एकाच दिवशी बदललेला नियम

याचे उत्तम उदाहरण २७ नोव्हेंबर २००३ चे आहे. तोपर्यंत या भागात २९,००० फुटांच्या वर दोन विमानांमध्ये २,००० फुटांचे उभे अंतर ठेवले जाई, कारण जुनी उंचीमापके विरळ हवेत पुरेशी अचूक नव्हती. नव्या उपकरणांमुळे ते १,००० फुटांवर आणता आले. आरव्हीएसएम नावाचा हा नियम उत्तर अटलांटिकवर १९९७ मध्ये आणि युरोपात २००२ मध्ये आला होता. पश्चिम आशिया आणि भारतीय उपखंडात तो एकाच दिवशी लागू झाला आणि २९,००० ते ४१,००० फुटांदरम्यान ६ नव्या पातळ्या उपलब्ध झाल्या. शेजाऱ्यांनी तो वेगवेगळ्या तारखांना स्वीकारला असता, तर सीमा ओलांडणाऱ्या विमानांना दर वेळी पातळी बदलावी लागली असती.

सोपवणीतील बारा मिनिटे

सांधा निखळल्यास काय होते, हे ८ मार्च २०१४ रोजी दिसले. मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच-३७० या विमानाला क्वालालंपूरच्या नियंत्रकाने १ वाजून १९ मिनिटांनी हो ची मिन्ह केंद्राशी संपर्क साधण्यास सांगितले. दोनच मिनिटांत विमान रडारच्या पडद्यावरून नाहीसे झाले. नियोजित वेळेनंतर ५ मिनिटांत संपर्क न झाल्यास ते कळवावे, असा दोन्ही केंद्रांतील करार होता. हो ची मिन्हची विचारणा १ वाजून ३९ मिनिटांनी आली, म्हणजे मुदत संपून १२ मिनिटे उलटल्यावर. विमान का बेपत्ता झाले याचे उत्तर या विलंबात नाही. शोधाची मौल्यवान मिनिटे मात्र त्यात गेली. पुढे आयकाओने समुद्रावरील मोठ्या प्रवासी विमानांचे स्थान किमान दर १५ मिनिटांनी नोंदवण्याचा नियम केला. तो नोव्हेंबर २०१८ पासून लागू आहे.

विमान सोपवताना दूरध्वनीवर विसंबून न राहता दोन केंद्रांच्या संगणकांनी परस्पर माहिती द्यावी, यासाठी एआयडीसी ही प्रणाली आहे. एरिऑन कंपनीची उपकरणे इरिडियमच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावरून विमानांचे संकेत थेट टिपतात. कॅनडा आणि ब्रिटनने २०१९ मध्ये उत्तर अटलांटिकवर त्यांचा वापर सुरू केला. भारतीय विमानतळ प्राधिकरणानेही या कंपनीशी करार केला आहे.

यंत्रांपलीकडचा प्रश्न

सहकार्य म्हणजे केवळ यंत्रखरेदी नव्हे, हे सोमालियाच्या उदाहरणावरून कळते. १९९१ मध्ये तेथील राज्यव्यवस्था कोसळल्यावर संयुक्त राष्ट्रे आणि आयकाओ यांनी त्या आकाशाचे व्यवस्थापन अनेक वर्षे नैरोबीतून सांभाळले. २०१७ च्या अखेरीस ते मोगादिशूकडे परत गेले. पूर्ण नियंत्रित हवाई क्षेत्राचा ‘अ’ वर्गाचा दर्जा मिळण्यास २०२३ चा जानेवारी उजाडला.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या उड्डाणांना वळसे घेत, काही वेळा युरोपात इंधनासाठी थांबत जावे लागले. राजकीय निर्णयाने बंद झालेला मार्ग कोणतेही तंत्रज्ञान खुला करू शकत नाही.

म्हणून नव्या रडारची किंवा नियंत्रण केंद्राची घोषणा वाचताना खर्चाच्या आकड्यापलीकडे काही प्रश्न विचारणे योग्य ठरेल. ते केंद्र कोणत्या शेजारी केंद्रांशी जोडले जाणार आहे? दोन्हीकडचे नियंत्रक समान पद्धतीने प्रशिक्षित आहेत का? संपर्क तुटल्यास पहिला दूरध्वनी कोणी आणि किती मिनिटांत करायचा, हे लिखित ठरले आहे का, आणि त्याचा सराव होतो का?